काठावरचा खड्डा

गादी उसवली की माणूस कळतो, असं गादीवाला नेहमी म्हणायचा. कापूस कुठे दबलाय, कुठे गाठी झाल्यात, हे चाचपून तो गिऱ्हाइकाच्या घरातलं सांगायचा. एका नवरा-बायकोच्या गादीत दोन कडांना दोन खड्डे आणि मध्ये टेकाड निघालं, तेव्हा "कापूस पिंजून देतो, पण आधी भांडण मिटवा," असं त्याने तोंडावर सुनावलं होतं. गिऱ्हाइकं चिडायची, हसायची आणि पुन्हा त्याच्याकडेच यायची. निम्मं गाव त्याच्या गाद्यांवर ढाराढूर झोपत होतं.

त्याच्या स्वतःच्या सतरा वर्षांच्या लेकीच्या डोळ्याला मात्र डोळा लागत नव्हता. शाळेची शेवटची परीक्षा संपून महिना होत आला होता.

वर्षभर तिचं एकच चाललं होतं. पहाटे उठून क्लास, मग शाळा, परत क्लास, मग ढीगभर गृहपाठ. "चारच तास झोपते आमची," हे तो दुकानात येईल त्याला ऐकवायचा, आणि ऐकवताना त्याला आभाळ ठेंगणं व्हायचं. कधी ती पुस्तक मिटून विचारायची, "बाबा, आज जरा लवकर झोपू?" त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "परीक्षा झाली की हवी तेवढी झोप. गादी काय कुठे पळून जाते?" ती हसायची आणि पुस्तक पुन्हा उघडायची. बापाच्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय.

आता परीक्षा झाली होती, गादीही जागेवर होती, झोप तेवढी गेली होती. डोळ्यांखाली काळं घेऊन पोर घरभर फिरायची. वर्षभराची मोडलेली सवय आहे, परत यायला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गादीवाल्याला काही ते पटलं नाही. झोप न लागण्याचं त्याला एकच कारण ठाऊक होतं.

"गादीत गाठी झाल्या असणार," तो बायकोला म्हणाला.

"जगाच्या गाद्या पिंजता, आणि पोरीचीच राहिली होय?" बायको म्हणाली. त्याने गादी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि दुकान गाठलं.

टाके उसवून त्याने सवयीने मधोमध हात घातला. गाठ नव्हती. गेल्या वर्षी शाळा सुरू होताना भरला तसाच कापूस, मऊ, दाबला की वर येणारा. जिथे पाठ टेकायची तिथे कुणी पाठ टेकलीच नव्हती. मग हात घरी भिंतीकडे असायच्या काठाला गेला. तिथे एकच खड्डा होता, बसल्या माणसाएवढा, आणि कापूस दगडासारखा घट्ट झालेला. पोरगी तिथे बसायची. भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तक घेऊन. झोपली असेल तीही तशीच, बसल्या बसल्या. ज्या चार तासांची त्याने गावभर फुशारकी मारली, ते चार तासही खरे नव्हते.

परक्यांच्या गाद्या वाचणारा हा शहाणा, घरातली गादी त्याने वर्षभरात एकदाही चाचपली नव्हती. दारात गिऱ्हाईक उभं होतं, तरी तो कापसात तोंड खुपसून रडला. गिऱ्हाईक बिचारं आल्या पावली परत गेलं.

मग त्याने तो खड्डा बोटांनी सोडवला, सगळा कापूस दोनदा पिंजला, वर नवा घातला. दुपारी गादी घरी आणून अंथरली. पोरगी मधोमध आडवी झाली, पाहुणी आल्यासारखी अवघडून. तिने डोळे मिटले.

"मस्त झालीय, बाबा. आता लागेल झोप. तुम्ही जा दुकानात."

दारापर्यंत जाऊन तो वळला. तिचा श्वास संथ चालला होता. फक्त उजव्या हाताचं बोट चादरीवर हलत होतं. गणिताची एक ओळ, तिच्याखाली दुसरी, मग बरोबरचं चिन्ह, मग तिसरी ओळ.

तो परत येऊन तिच्याजवळ बसला आणि ते बोट त्याने मुठीत धरलं.

"पुरे गं आता," तो म्हणाला. "झालं सगळं."

"माहितीये, बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली. "पण ते थांबतच नाही."