दान्यालचे दोन दात

सुन्निवाचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. सव्वापाचला ती मासळीच्या कारखान्यात सुरी घेऊन कॉड माशांसमोर उभी असायची. चौदा महिन्यांत एकही खाडा नाही. राजधानीत, तोर्सहाव्हनच्या दुकानात काचेच्या कपाटात एक लेन्स होती, मोठ्या तोंडाची, अंधारात चालणारी. तिच्यासाठी पैसे साठवणं चाललं होतं. कारण शनिवारी सुन्निवा गावातल्या लग्नांचे फोटो काढायची, आणि आमच्याकडचं लग्न म्हणजे काळोखातलं काम.

चर्चमध्ये खिडक्या लहान आहेत, पण तिथे एक वेळ निभतं. माणसं बसलेली असतात, काही तर झोपलेली. खरी पंचाईत नाचघरात. तिथे दोनच दिवे. तिसरा लावला की बाप्ये लाजतात आणि गात नाहीत. गाणं नसेल तर नाच नाही, कारण आमच्या फेरो बेटांवर नाचाला वाद्य नसतं. दोनशे माणसं हात अडकवून रिंगणात फिरतात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि स्वतःच गातात. गाणी दीड-दीडशे कडव्यांची. ती सगळी पाठ असलेला गावात एकच माणूस उरला होता, दान्याल. वय एक्याऐंशी, मेंढ्या बावीस, दात दोन.

आदल्या वर्षी एका लग्नात सुन्निवाने दान्यालच्या तोंडावर फ्लॅश उडवला. तो अठ्ठ्याण्णवाव्या कडव्यावर होता. कडवं विसरला. मधूनच सुरू करणं त्याच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून त्याने पहिल्यापासून धरलं. चुलीवरचं सूप आटून गेलं. तेव्हापासून फ्लॅशला गावबंदी.

फ्लॅशशिवाय त्या उजेडात फोटो उमटायला सेकंदाचा आठवा भाग लागायचा, आणि तेवढ्यात रिंगण पुढे सरकलेलं. तिपाई लावावी तर चारशे टाचांनी जमीनच हलायची. सुन्निवाच्या फोटोंत वऱ्हाड दिसायचं नाही, वाफ दिसायची. गावाने तिचं नाव 'धुकं' ठेवलं.

मग मार्गरेताच्या मुलीचं लग्न ठरलं. मार्गरेता म्हणजे गावातल्या सर्वांत मोठ्या बोटीच्या मालकाची बायको. तिने सुन्निवाला कारखान्याच्या दारातच गाठलं. म्हणाली, "नाचाचा एक तरी फोटो मला माणसांचा हवाय. पुन्हा धुकं आणलंस तर पुढच्या लग्नांना तोर्सहाव्हनचा माणूस बोलवू."

लग्न मार्चमध्ये होतं. लेन्सचे पैसे जूनशिवाय पुरे पडत नव्हते.

पुढे काय झालं त्याला गाव नशीब म्हणतं, म्हणून नीट सांगतो. बुधवारी नाचमंडळाची तालीम असते. हिवाळाभर सुन्निवा दर बुधवारी रिंगणाच्या मधोमध रोल न घातलेला कॅमेरा घेऊन उभी राहिली. आधी बूट घालून, मग नुसत्या लोकरी मोज्यांवर. एका बुधवारी मी मोजलं, तिने चारशे वेळा बटण दाबलं. मी गोदीत बेचाळीस वर्षं काढली आहेत. माणूस काम करतोय की कामाजवळ उभा आहे, हे मला लांबून कळतं. ती काम करत होती.

बुटांना काय झालं, असं मी विचारलं.

"डावीकडून उजवीकडे वळताना सगळे थांबतात," ती म्हणाली. "अगदी थोडं. डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतं. तेवढ्यात बटण दाबायचं."

मीही बूट काढून उभा राहिलो. मला काही कळलं नाही. मोजा तेवढा सांडलेल्या बिअरमध्ये भिजला.

लग्नात तिने एकच रोल वापरला, छत्तीस फोटोंचा. मार्गरेताच्या नवऱ्याने सुन्निवाच्या पायावर दोनदा पाय दिला, तरी ती जागची हलली नाही. रोल घरी बटाट्यांच्या तळघरात धुतला. छत्तीसांतले एकतीस स्वच्छ आले.

फोटो नाचघराच्या भिंतीवर लागले आणि धुक्याचे आपल्यावर किती उपकार होते ते गावाला समजलं. पाद्री जांभई देत होता. मार्गरेताला दोन हनुवट्या होत्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, फोटो चांगले आहेत, थोडे कमी चांगले असते तरी चाललं असतं. पण पुढची लग्नं सुन्निवाकडेच राहिली.

सगळ्यांच्या मधे दान्याल होता. तोंड आ वासलेलं, आणि त्या अंधारात दोन दात, एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या. पोरं हसली. दान्याल हसला नाही. त्याच्या घरातला आरसा फक्त दाढीचा, आणि दाढी तो तोंड मिटून करायचा. पुढच्या बुधवारी तो तालमीला आला, बाकावर बसला आणि गायलाच नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. उरलेल्यांनी गाऊन पाहिलं. बाराव्या कडव्यावर नाच बंद पडला. जूनमध्ये दुसरं लग्न होतं.

सुन्निवा वाळवलेलं मटण घेऊन त्याच्या घरी गेली. मटण त्याने चोखून खाल्लं. मग म्हणाला, "पोरी, आजवर लोक माझं गाणं ऐकत होते. आता तोंडात बघतील."

ती म्हणाली, "फोटो काढून टाकते, दान्याल."

"काढून काय होतंय? मी बघितलाय ना."

सोमवारी सुन्निवाने पहिला खाडा केला. दान्यालला बोटीत घालून तोर्सहाव्हनला नेलं आणि लेन्सच्या दुकानावरून सरळ दातांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरने होते ते दोन्ही उपटले. तिसऱ्या फेरीत वर-खाली पूर्ण कवळी मिळाली आणि सुन्निवाचा डबा रिकामा झाला. लेन्सचं काय, असं मी विचारलं. तिने माझ्या बुटांकडे बघितलं, तळव्यांवर भागतंय म्हणाली आणि कामावर गेली.

जूनच्या लग्नात दान्याल गायला. चाळीस कडवी त्याने कवळी लावून म्हटली, आणि दर ओळीला शीळ वाजत होती. एकेचाळिसाव्याला त्याने शेजारच्याच्या हातातून हात सोडवला, कवळी काढली, रुमालात गुंडाळून जाकिटाच्या खिशात टाकली आणि उरलेली एकशे दहा कडवी आ वासून म्हटली. सुन्निवा मधोमध मोज्यांवर उभी होती. तिची चौदा महिन्यांची मजुरी दान्यालच्या खिशातून रिंगणाबरोबर तिच्याभोवती फिरत होती, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे.