पश्चिमेची भिंत आणि दोडक्याचा मांडव

सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, जिने चढायला मनाई झाली, आणि अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या घरातली खालची खोली त्यांची झाली. तोवर तिथे इस्त्रीचं टेबल आणि मुलीची जुनी खेळणी पडलेली असायची. दुपारी कुणी बसतच नसे, त्यामुळे ती खोली किती तापते हे आम्हाला माहीतच नव्हतं. पश्चिमेची अख्खी भिंत उघडी. समोर ना झाड, ना घर. जूनमध्ये संध्याकाळपर्यंत ती आतूनसुद्धा हाताला गरम लागायची.

एसी होता, पण सगळ्या घराला मिळून एकच. खालची खोली गार करायला जावं तर वर मुलगी हुडी घालून बसायची. नवऱ्यानं जाड पडदे लावले. पडदेच तापले.

बाबा तक्रार करत नसत. "नागपूरचा माणूस मी, मला काय उन्हाचं!" म्हणायचे आणि बनियन बदलायचे. एकदा मी ऑफिसातून लवकर आले, तर वॉकरच्या आधारानं ते किचनपर्यंत आलेले आणि फ्रिजशेजारच्या खुर्चीत बसल्याबसल्या झोपलेले. मान एका बाजूला कललेली. मला ते बघवेना.

मी अकोल्याची. ऊन भिंतीला लागू द्यायचं आणि मग आतून पंखे फिरवायचे, हे मला पटेना. ऊन बाहेरच अडवायला हवं होतं. ओळखीच्या एका काकूंकडे दोडक्याची रोपं कुंड्यांत चांगली वाढली होती. त्यांनी चार दिली. शनिवारी मी लाकडी खांब आणले, भिंतीपासून हातभर अंतर सोडून जमिनीत रोवले आणि त्यांना तारेची जाळी ठोकली.

"अगं, भिंतीलाच ठोक ना, पक्की बसेल," नवरा म्हणाला.

"नको. मधून हवा खेळली पाहिजे."

वेल झपाट्यानं वाढले. खिडकीपर्यंत पोचले, तोच वस्तीच्या कमिटीचा ईमेल आला: बाहेरच्या भिंतीवर काही लावायला परवानगी नाही, काढून टाका. "काढून टाकूया, यार. उगाच कटकट," नवरा म्हणाला. पण मी कमिटीच्या मीटिंगला गेले. माझं इंग्लिश ऑफिसपुरतं. अनोळखी लोकांपुढे उभी राहून मी कधी बोलले नव्हते. मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"भिंतीवर काहीच नाही," मी सांगितलं. "मांडव भिंतीपासून लांब आहे. आत माझे सासरे झोपतात."

"आणि हिवाळ्यात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"वेल वाळून जातात, मी ते काढून टाकेन. तेव्हा ऊन आम्हाला हवंच असतं."

कुणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, आधी येऊन बघते. त्या आल्या तोवर जाळी पानांनी भरून गेली होती. बाबा वॉकर धरून उभे राहिले, त्यांना आत घेऊन गेले आणि स्वतःच्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "मॅडम, टच द वॉल." बाईंनी भिंतीला तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत खिडकीतून हिरवट उजेड येत होता.

"माय डॉटर-इन-लॉ मेड इट," बाबा म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझं असं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं किचनमध्ये गेले.

परवानगी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या जोडप्यानं माझ्याकडून रोपं नेली, आणि त्यांच्या खांबांचे खड्डे मीच आखून दिले. बाबा आता काठीवर चालतात, हवं तर वरही जाऊ शकतात. वरची खोली देऊ केली तर म्हणाले, "मी इथून हलणार नाही." दुपारी तीनला ते पांघरूण घेऊन झोपतात. संध्याकाळी दोडक्याची पिवळी फुलं उमलली की खिडकीशी बसतात, आणि फोनवर भावाला सांगत असतात की अमेरिकेत सुनेनं भिंतीबाहेर मांडव घातलाय. त्यांच्या सांगण्यात दर वेळी मांडव थोडा मोठा होतो. मी काही त्यांना टोकत नाही.