‘गाडी कोणीतरी रगडलीय’

"तुम्हीच म्हणालात ना, कोणीतरी गाडी रगडलीय? त्याला काढून टाकलं मी. तरी ऑइल गळतंय!"

कर्जतमधल्या माझ्या गॅरेजच्या दारात उभं राहून साहेब ओरडत होते. साहेब मुंबईचे, फार्महाऊस कळंबला. गाडी छोटी, पण इंजिनाला मोठा टर्बो बसवून घेतलेला. रेसच्या ट्रॅकवर पळवायची हौस. एरवी गाडी फार्महाऊसच्या शेडमध्ये महिना महिना उभी. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा ती चालू करायचं काम तिथल्या केअरटेकरचं, बुधाजीचं.

"कोणाला काढलात?" मी विचारलं.

"बुधाजीला. चावी त्याच्याकडेच असायची. खोलीही रिकामी करून घेतली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर नंतर, आधी स्वतःवर. पंधरा दिवसांपूर्वी हीच गाडी आली होती. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलमधून ऑइल गळत होतं. मी गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं आणि हात पुसता पुसता बोलून गेलो, "कोणीतरी रगडलीय वाटतं." काय गरज होती? सील का गेलं, हे मी बघितलंच नव्हतं. तीस वर्षं इंजिनं उघडतोय आणि अक्कल गहाण टाकल्यासारखा बोललो.

"गाडी लावा," मी म्हणालो. "आणि तुम्हीही थांबा."

आता गळती दुसऱ्याच ठिकाणी होती, वरच्या कव्हरच्या गॅस्केटमधून. इंजिन चालू केलं आणि ऑइल भरायचं झाकण सैल केलं. झाकण जागच्या जागी थडथड उडायला लागलं.

सोपं करून सांगतो. पेट्रोल पेटतं तेव्हा थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली, ऑइलच्या भागात उतरतो. सगळ्याच इंजिनांत उतरतो, टर्बोवाल्यात जरा जास्त. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. आत प्रेशर साठलं की फट मिळेल तिथून ऑइल बाहेर पडतं. मग बसा सील बदलत, काय डोंबल होणार!

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या गवंड्याकडून पाण्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी मागून आणली. ती इंग्रजी यूसारखी वाकवून फळीला बांधली, पाणी भरलं आणि झाकण पुन्हा आवळून एक तोंड ऑइल मोजायच्या डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवलं. रेस दिली. पाणी जेमतेम बोटभर हलायला हवं होतं. इथं ते उडून वर उघड्या बॉनेटला लागलं.

"बघा, रिंगा गेल्या!" साहेब म्हणाले. "म्हणजे रगडलीच ना त्याने!"

"एक शब्द बोलू नका आता!" मी ओरडलोच. "मी एकदा न मोजता बोललो, तेवढं पुरे झालं."

चारही सिलिंडर किती दाब धरतात ते, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजलं. चारही सारखे, आणि पुरेपूर. रिंगा ठणठणीत. म्हणजे गॅस जास्त उतरत नव्हता, त्याची बाहेर जायची वाट बंद होती. पुन्हा पाणी भरलं, ब्रीदरची नळी कव्हरपासून सोडवली आणि रेस दिली. पाणी जागेवर राहिलं. त्या नळीचं दुसरं टोक चाकामागे खाली उघडं सोडलेलं होतं. फुंकून बघितलं, हवा जाईना. तार घातली तर लाल मातीचे खडे पडले आणि त्यांत वाळक्या अळ्या. उभ्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशीनं घर केलं होतं.

साहेबांनी त्यातला एक खडा बुटाने चिरडला. मग म्हणाले, "चला, इंजिन वाचलं."

"आणि बुधाजी?"

"सांगा त्याला, सोमवारपासून ये म्हणावं."

"मी का सांगू? तुम्ही काढलात, तुम्ही जा!"

"चूक तुमची होती," ते शांतपणे म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी कशेळ्याच्या पुढे, बुधाजीच्या वाडीवर गेलो. बुधाजी नव्हता, खालापूरकडे वीटभट्टीवर गेला होता. त्याची बायको सोमी दारात तांदूळ पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. माशी, माती, माझं फुकटचं बोलणं, सोमवारपासूनचं काम. हात जोडले.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "शेठ, तुमी बोललात म्हनून काढलं. आता तुमी बोलता म्हनून घेतात. मंग आमच्या मानसानं पोरांची शपथ घेऊन सांगितलं, गाडी नुस्ती चालू करतो, शेडच्या भायेर काडली नाय, तवा कुनी आयकलं?"



बुधाजी परत गेला नाही. गाडी सर्व्हिसिंगला अजून येते, ऑइलचा थेंब गळत नाही. मी आता गिऱ्हाइकापुढे फक्त मोजलेलंच बोलतो. बुधाजीला त्याचा काही उपयोग नाही.