सासूबाईंसाठी पट्टी

नातेवाइकांचं दवाखान्याचं काम निघालं की अमरावतीत मलाच फोन येतो. त्यामुळे इथल्या दवाखान्यातल्या एका सिस्टरची माझी जुनी ओळख. त्या सलाइन लावतानाही भांडल्यासारख्या मोठ्याने बोलतात आणि रुग्ण हसायला लागतात.

यंदा तेल्हाऱ्याची भाची दाखल होती. गर्भ पिशवीच्या कोपऱ्यात रुजला होता. असं क्वचितच होतं, पण तो कोपरा फुटला तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून गर्भ काढला, पिशवी वाचवली आणि महिनाभर वाकायचं नाही असं बजावलं.

घरी निघताना भाचीच्या सासूबाईंनी तिच्या पोटावरचे तीन बारीक छेद पाहिले.

"इतकुसंच? मंग सोमवारपासून कापूस वेचाले चालते हे."

"आत टाके आहेत हो," मी म्हणाले. त्यांना पटलं नाही.

सिस्टरांनी पडदा ओढला आणि भाचीच्या पोटाला हातभर रुंद पट्टी गुंडाळली.

"हे काहून, सिस्टर?" भाचीने विचारलं.

"तुयासाठी नाही माय, सासूसाठी हाय." त्यांचा आवाज इतका हळू मी प्रथमच ऐकला.

पडदा सरकला. सासूबाईंनी पट्टी पाहिली आणि सुनेचा हात धरला. खाली ऑटोवाल्याला त्यांनीच दम भरला, "खड्डे पाहून चालवजो रे, सुनेचं पोट फाडलं हाय!"