दुसरी समीक्षक

ताईंनी मला फसवलं. सहा वर्षं फसवलं, आणि तेही माझ्याच दुकानात, माझाच चहा पीत.

स्नेहलतागंज मोहल्ल्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. दहावीवर उभं केलंय, कोणाच्या मेहरबानीवर नाही. कॉलेजातून रिटायर झालेल्या ताई स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन-पत्रिका काढायच्या. इंटरनेटवर, कोणीही फुकट वाचावी अशी. मागे ना कॉलेज, ना कंपनी. हाताने लिहून आलेले लेख त्या माझ्याकडून टाइप करून घेत. मी आठ दिवस मागायचे, त्या चार म्हणायच्या, पाचावर जमायचं.

टाइप करताना माझं तोंड चालूच. "हे वाक्य आहे की मालगाडी? आणि मिलमधली बाई दुपारी निवांत गप्पा मारत होती म्हणे! माझी आई होती मिलमध्ये. पाणी प्यायला फुरसत नव्हती तिला."

ताई चष्मा कपाळावर सरकवून वहीत काहीतरी टिपत. "बोलत राहा गं." मला वाटायचं, भाजीची यादी करतायत.

त्या पत्रिकेत प्रत्येक लेख दोन जाणकार तपासत. त्यांची नावं लेखिकेला कधीच कळत नसत. एकदा भोपाळची एक लेखिका ताईंना शोधत पेढे घेऊन दुकानातच आली.

"पहिल्यांनी नुसती तारीफ केली, ताई. पण ती दुसरी समीक्षक! गजब तीखी है यार. लेख तिनेच सुधारला." तिने शेरा वाचून दाखवला: मिलमधल्या बाईला पाणी प्यायला तरी फुरसत होती का, हे लेखिकेने शोधावं.

मी पेढा खाली ठेवून बोलायला तोंड उघडलं. ताईंनी टेबलाखाली माझा हात दाबला.

ती गेल्यावर मी उसळले. "मला विचारलं होतं का?"

"विचारलं असतं तर तू नीट बोलली असतीस. मग काय उपयोग?"

"आणि माझं नाव?"

"कोणाचंच देत नाही. तुला वेगळा कायदा?"

तुम्हीच सांगा, अशा बाईशी कसं भांडायचं? त्या दिवसापासून मी प्रत्येक लेख दोनदा वाचू लागले. आठ दिवस मागितले की ताई मुकाट्याने आठ देत.

या थंडीत ताई गेल्या. पत्रिका आता त्यांच्या दोन विद्यार्थिनी चालवतात. परवा त्यांनी सगळ्या समीक्षकांना फॉर्म पाठवला. मलाही आला, कारण ताईंच्या वहीत अंकामागून अंक माझं नाव होतं.

शिक्षण: दहावी. संस्था: दुकान, स्वतःचं. नेमणूक कोणी केली: तिथे ताईंचं नाव लिहिलं. शेवटचा रकाना: आपली संमती घेतली होती का?

'हो' लिहिलं तर खोटं, 'नाही' लिहिलं तर तुमची बदनामी. बोला ताई, काय लिहू? याचा जवाब तुम्हीच द्यायचा.