आरे-वारेचे एकाहत्तर मीटर

सायकलचे पुढचे चाक मांडीवर घेऊन मी पुण्याहून रत्नागिरीच्या एसटीत बसले, तेव्हा कंडक्टरने चाकाचे हाफ तिकीट काढू का, असे अगदी गंभीरपणे विचारले. चाकाच्या आसाला छोटा काउंटर असतो. चाक फिरले की त्यातले आकडे पळतात आणि रस्ता किती लांब ते मीटरपर्यंत कळते. शर्यतींचे रस्ते असे मोजून प्रमाणपत्र देणे हा माझा उद्योग. लोकांना मी सहसा आवडत नाही.

रत्नागिरी स्टँडवर सुर्वे सर न्यायला आले होते. पीटीचे निवृत्त शिक्षक आणि आरे-वारेच्या दहा किलोमीटर शर्यतीचे कर्तेकरविते. गाडीत बसताच त्यांनी सगळे सांगून टाकले. त्यांची विद्यार्थिनी तबस्सुम औषधांच्या दुकानात काम करते. गेल्या शर्यतीत तिने चाळीस मिनिटांच्या आत अंतर कापले. तेवढ्या वेळात धावणाऱ्या मुलींना पुण्यातले एक प्रशिक्षण शिबिर घेते. पण ते म्हणतात, रस्ता दहा किलोमीटर भरल्याचा कागद आणा, मगच वेळ धरू.

“रस्ता मी स्वतः मोजलाय, ताई. तुम्ही फक्त शिक्का मारा,” सर म्हणाले.

शिक्का मारायला तलाठी बोलवा, असे अगदी जिभेवर आले होते. पण सरांच्या घरी त्यांच्या पत्नीने घावने (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि नारळाचा रस पुढे ठेवला, आणि जीभ दुसऱ्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) सरळ रस्ता गाठला. आधी पोलादी टेपने तीनशे मीटर आखायचे, त्यावर चार वेळा सायकल चालवून काउंटर जुळवून घ्यायचा, अशी रीत. टेप पसरली आणि एक म्हैस येऊन तिच्यावर बसली. सरांनी शिट्टी फुंकली. तीस वर्षे पोरे त्या शिट्टीला घाबरली असतील, म्हशीने कानही हलवला नाही. अर्धा तास गेला.

मग खरी मोजणी सुरू झाली. मी सायकलवर, आणि मागून तबस्सुम स्कूटीवर, समोरच्या गाड्यांना हात दाखवून थांबवत. मोजताना रस्त्याच्या कडेने जायचे नसते. प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेला चिकटायचे, की लगेच तिरके जाऊन पुढच्या वळणाची आतली कडा पकडायची. त्यामुळे मी या टोकाकडून त्या टोकाला झोके खात होते. वारे गावाच्या चढाला डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक बाई थांबली आणि कळवळून म्हणाली, “बाय, पाय टेकव. येत नाय तर कशाला जीव घालवतंस?” तबस्सुम हसून हसून स्कूटीवरून पडायची बाकी होती.

पाच किलोमीटरवर वळसा घेऊन पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तिने विचारले, की मी सारखी आतून का जाते. मी सांगितले, धावणारा जिथून कमीत कमी अंतरात जाऊ शकेल तीच रेघ मोजायची, म्हणजे कुणाचेही अंतर कमी पडत नाही.

ती म्हणाली, “सर आम्हाला डावी कड सोडू देत नाय. सोडली की बाद.”

सरांनीही डाव्या कडेनेच मोजले असणार, शाळेत शिकवतात तसे, म्हणजे माझ्या आखूड रेघेने रस्ता कमी भरणार. परतीच्या सगळ्या वाटेवर ही पोरगी वाहने अडवून मला आतली कड मोकळी करून देत होती. आपलीच वेळ बाद होतेय हे कळूनही तिने एक वळण हुकू दिले नाही.

शर्यत संपते तिथे शहाळेवाल्याच्या टपरीवर हिशेब लावला. रस्ता एकाहत्तर मीटर कमी भरला. सर मटकन टपरीच्या पायरीवर बसले. हळूच म्हणाले, की पुन्हा एकदा थोडी बाहेरून सायकल घ्या ना, कोण बघतंय? खोटे कशाला बोलू, मीही क्षणभर घुटमळले.

“नको सर,” तबस्सुम म्हणाली. “ताईंनी वळणं बरोबर घेतलीत. मी मागेच होते.”

मग तिने नवी शेवटची रेघ कुठे येईल ते दाखवायला सांगितले. शहाळेवाल्याच्या पुढे, चढावर. तिथवर ती पायी गेली, वर उभी राहून रस्त्याकडे बघितले आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यात परत धावते. सुट्टी टाकते.”

परतीच्या एसटीत मी गुडघ्यावर फॉर्म भरत होते आणि आंबा घाटात मला चक्क रडू फुटले. आयुष्यभर मी सर्वांत आखूड वाट शोधत आले. ही मुलगी डावी कड न सोडता, उजव्या वळणांना मोठा वळसा घेऊन पुरे दहा किलोमीटर धावली होती, तेही चाळीस मिनिटांच्या आत. फॉर्मवर रस्त्याची रुंदी, टायरची हवा, तापमान, सगळ्याला रकाने आहेत, याला नाही. म्हणून इथे लिहिले.