मशिनीला लावायचं कुंकू

आमच्या दुकानातून दुरुस्त होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चेनसॉला कुंकू लावलेलं असतं. दर्शनी भागावर ते दिसत नाही. मशिनीच्या कुशीत, कार्बोरेटरपाशी, दोन बारीक स्क्रू असतात. पेट्रोल किती आणि हवा किती हे त्यांच्यावर ठरतं. ते एकदा जमवून झाले की अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कुंकवात थेंबभर तेल आणि जरासं वॉर्निश कालवून दोन्ही स्क्रूंवर अनामिकेनं टिळा लावतो. वाळला की त्याची खपली धरते. पुढे कोणा हौशी गड्यानं स्क्रू फिरवला तर खपली फुटते, आणि मग ती मशिन परत आली तरी आम्ही जबाबदारी घेत नाही. एका टिळ्यात देवाचंही झालं आणि सीलही झालं. कुंभकोणमात ह्याचं कोणाला नवल वाटत नाही. इथे लॉरीला, वजनकाट्याला, विजेच्या मीटरलाही कुंकू असतं.

मला मात्र त्या डबीला हात लावता येत नव्हता, कारण मी विधवा. नवरा गेल्यावर मी अण्णाकडे राहायला आले, आणि पुढे काही वर्षांनी वहिनीही गेली. वहिनी गेली म्हणून अण्णाच्या हातातलं कुंकू काही सुटलं नाही. तो पुरुष. आजकाल असलं कोण पाळतं, असं आमच्या गल्लीतल्या बायका मला गोड आवाजात सांगतात, आणि नवरात्रात बाहुल्यांचा कोलू बघायला बोलावताना नेमकं माझंच दार चुकवतात. अण्णानं मला कधी तोंडानं मनाई केली नाही. डबी तेवढी त्याच्या बाजूच्या फळीवर असायची, आणि मी ती उचलत नसे. तिच्याकडे बघून मात्र रोज चरफडायची.

दुकान आडुतुरैच्या रस्त्याला, मागे घर. मी आले तेव्हा दोन दिवस चुलीपाशी बसून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पाना उचलला, कारण कीव करून घेत बसणं मला जमत नाही. आमच्याकडे नवी मशिन क्वचित दिसते. मागे एका मोठ्या वादळानं खोऱ्यातली नारळाची झाडं आडवी केली तेव्हा जो तो चेनसॉ घेऊन आला होता. झाडं उचलून झाली आणि त्या मशिनी गोठ्यात, जिन्याखाली, पंपाच्या खोलीत मरून पडल्या. त्या आम्ही उचलतो. एकीचा क्रँक धड असतो, दुसरीची टाकी, तिसरीचा नुसता क्लच. तिन्हींची मिळून एक उभी राहते. जे कुठेच मिळत नाही ते डुप्लिकेट आणायचं: पिस्टन, रिंगा, रबरी नळ्या. डुप्लिकेट पिस्टनच्या कडा खरखरीत असतात, त्या बारीक पॉलिश पेपरनं घासून काढाव्या लागतात. रबरी नळी बोटानं वाकवून बघायची. वाकताना पांढरी पडली तर ती उन्हाळा काढणार नाही. हे सगळं मी करायची. शेवटचं काम अण्णाचं. स्क्रू जमवणं त्याच्याकडे होतं, आणि पापनाशमपासून लोक त्याच्यासाठीच येत.

त्यात काय विशेष, तर ते कानाचं काम आहे. लाकडात न घालता मशिन पूर्ण वेगानं सोडली की तिचा आवाज जरा फाटका यायला हवा, घशात पाणी घेऊन गुळणी करावी तसा. लाकडात साखळीची पट्टी घातली की तो आवाज लख्ख होतो. हवेतच लख्ख ओरडली तर समजावं की तिला पेट्रोल कमी पडतंय, पेट्रोलबरोबर तेलही कमी पोचतंय, आणि आज ना उद्या पिस्टन जळणार. आमच्या घरात त्या आवाजाला गुळणीच म्हणतात. अण्णा डोळे मिटून गुळणी ऐकायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायचा. मी कानांत कापूस घालायची. तो कधी घालायचा नाही. कापूस घातला तर ऐकू काय, असं म्हणायचा. ज्या कानावर पोट चालायचं तोच कान तो रोज उघडा टाकून झिजवत होता, हे मलाही तेव्हा सुचलं नाही.

तिरुक्करुगावूरकडचा एक झाड कापणारा आमचा जुना गिऱ्हाईक. एके दिवशी तो मशिन घेऊन आला, दोरी ओढली तर जागची हलेना. सुरूच्या बनात कापता कापता थांबली म्हणाला. मी सायलेन्सर खोलून आत बॅटरी मारली. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूनं उभे ओरखडे होते, मांजरानं दार खरवडावं तसे. म्हणजे कोरडी चालून जळली होती. स्क्रूंवरचा टिळा जसाच्या तसा. अण्णा माझ्याकडे वळून आमच्या घरच्या मराठीत म्हणाला, "डुप्लिकेट पिस्टन. मीं तुज सांगटलों होतों, तो नक्को म्हणून." पिस्टन त्यानंच निवडला होता. मी वाद घातला नाही. आम्ही दुसरा घालून दिला.

मग आणखी एक तशीच आली. तिच्यात कंपनीचा पिस्टन होता, जुन्या मशिनीतून काढलेला, उत्तम. टिळा शाबूत. ह्या वेळी अण्णानं गिऱ्हाइकालाच झापलं, तेल कमी घातलंस म्हणून. तो बिचारा मान खाली घालून ऐकून गेला, कारण अण्णाचं चुकेल असं ह्या भागात कोणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. पण नंतरच्या मशिनीला अण्णा स्क्रू जमवत होता तेव्हा मी कानातला कापूस काढला. मशिन हवेत लख्ख ओरडत होती. गुळणीचा मागमूस नव्हता. आणि अण्णा डोळे मिटून, समाधानानं मान डोलावत होता.

मी कापूस परत कानात घातला. त्याला सांगायला हवं होतं हे मला कळत होतं. पण सांगायचं काय? घरात त्याचं दुसरं काही उरलं नव्हतं. मूल नाही, बायको गेलेली, देवळात जायचं तेही लोक नमस्कार करतात म्हणून. त्या दोन स्क्रूंपुरता तो अजून कोणीतरी होता, आणि तेवढं मला त्याच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं.

दुपारी तो जेवून आडवा व्हायचा. तेव्हा मी मशिन मागच्या परसात नेऊन चालू करायची. घरामागे मशिन ओरडत असताना माणूस झोपतो, ह्यातच काय ते आलं. त्याचा टिळा खरवडून मी स्क्रू उलटा फिरवायची, गुळणी येईपर्यंत. मग नवं कुंकू लावायला हवं. पहिल्यांदा डबी उचलताना मी दाराकडे चोरून पाहिलं, आणि त्या चोरून पाहण्याचाच मला इतका राग आला की काही बोलायची सोय नाही. तरीही बोट लावायचा धीर झाला नाही. मी काडेपेटीतली काडी घेतली आणि तिच्या टोकानं टिळा ठेवला.

मशिनी परत येणं थांबलं. अण्णा खुलला. डुप्लिकेटवाल्यांनी माल सुधारला वाटतं, म्हणाला.

कान मात्र उतरतच गेला. मी त्याला तंजावूरला डॉक्टरला दाखवलं; कानात घालायचं यंत्र आणलं. ते घालून त्यानं एकदा मशिन चालू केली आणि दचकून बंद केली. पत्र्यावर खडे ओतल्यासारखं ऐकू येतं म्हणाला. यंत्र जुन्या स्प्रिंगांच्या डब्यात जाऊन पडलं, अजून तिथेच आहे.

ह्यात आणखी एक गोष्ट गेली, तिचं दुःख मला वाटलं होतं त्याहून जास्त झालं. घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच उरलोय. आमची मराठी जुनी, तंजावूरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेल्यांची; देवळं बघायला पुण्याहून आलेल्या एका बाईंना ती ऐकून हसू आवरेना. पण दुकानात तिचा मोठा उपयोग होता. गिऱ्हाईक समोर असताना आम्ही त्याच्या मशिनीबद्दल खुशाल बोलायचो, ही वाचते का, ह्याला खरं सांगावं का, ह्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय, मशिन देऊ नये. सगळं हळू आवाजात, चेहरा न हलवता. आता मला ओरडावं लागतं. मी ओरडते आणि रस्त्यापलीकडचा फुलवाला मान वर करून बघतो. शब्द कोणाला कळत नाहीत, पण ओरडून गुपित सांगता येत नाही. तमिळमध्ये तो गिऱ्हाइकांचे ओठ वाचतो, दिवसभर तेच ओठ आणि तेच प्रश्न. माझे ओठ त्याला वाचता येत नाहीत. आम्ही आयुष्यभर एकमेकांकडे न बघताच बोलत आलो, त्याची ही शिक्षा.

मार्गळी महिन्यातली ती सकाळ. थंडी आमच्या मानानं बरीच, पहाटे देवळाच्या कर्ण्यावर गाणी वाजून गेलेली, ती आता मला एकटीलाच ऐकू येतात. तिरुक्करुगावूरचा तोच गडी मशिन धार लावायला घेऊन आला. तो अण्णाला तमिळमध्ये म्हणाला, "अण्णा, मध्ये जरा बिघडलं होतं, आता तुमचा हात पुन्हा पूर्वीसारखा बसलाय." अण्णानं ते त्याच्या ओठांवरून वाचलं. हसला नाही. मशिन उचलली, झाकण काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि टिळ्यापाशी डोळा नेऊन बराच वेळ पाहत राहिला. मग मशिन ठेवून दिली.

गडी चहा प्यायला गेला. बाकावर त्या दिवशीची मशिन तयार होती, वादळातल्या मशिनींची मोडतोड जोडून उभी केलेली, कार्बोरेटर डुप्लिकेट. अण्णानं ती चालू केली, पूर्ण वेगानं सोडली आणि डोळे न मिटता डावा तळहात हँडलवर सपाट ठेवला. काय करतोय ते मला समजलं. गुळणी हातानं लागते का ते तो बघत होता. पण मशिनींची थरथर इतकी वर्षं झेलून त्याच्या बोटांतली जाण कधीच गेलेली; थंडीत ती बोटं टोकापासून पांढरी पडतात, गरम कॉफीचा पेला धरला तरी कळत नाही. त्यानं हात बदलला. उजवा ठेवला. मशिन हवेत लख्ख ओरडत होती आणि मी बाजूला उभी होते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गुळणी आहे काय गे?" इतक्या वर्षांत त्यानं हे कधी कोणाला विचारलं नव्हतं.

मी मान हलवली. नाही.

त्यानं मशिन बंद केली. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी पुन्हा चालू केली आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्क्रू जमवला, दुपारी परसात जमवायची तसाच. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी गुळणी बरोबर लागली हेही कळत होतं. मशिन बंद केल्यावर अण्णानं फळीवरून कुंकवाची डबी घेतली, उघडली आणि माझ्या बाजूला सरकवली.

"तूंच लाव."

मी सवयीनं कनवटीची काडेपेटी चाचपली. त्यानं माझा हात धरला.

"काडी नक्को. मज ठाऊक आहे. माझ्या टिळ्यांत बोटाच्या रेघा असतात. तुझा गुळगुळीत." माझा हात सोडून म्हणाला, "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

म्हणजे परसात मशिन ओरडायची तेव्हा तो झोपलेला नसायचा. ऐकू येत नसलं तरी खाटेच्या पायांतून जमीन थरथरलेली लागत असेल. किंवा नुसताच पडून राहत असेल, माझं काम होईपर्यंत. मी त्याला जपत होते असं मला वाटत होतं, आणि तो मला जपू देत होता.

"अण्णा, मी कशी लावूं," मी म्हणाले. हळू म्हणाले. त्याला ते ऐकू गेलं नाही, आणि मोठ्यानं ओरडून विचारावं असं ते नव्हतं. मी कुंकवात तेल आणि वॉर्निश कालवलं, अनामिका बुडवली आणि एका स्क्रूवर, मग दुसऱ्यावर टिळा लावला. अण्णानं चष्मा वर करून जवळून पाहिलं. रेघा उमटल्या होत्या.

"सरी," म्हणाला. आमच्यात ठीक आहे म्हणायचं झालं की तमिळचा हाच शब्द येतो. मग हात पुसून तो दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला.

ती डबी मला हवी होती. नवरा गेल्यापासून हवी होती, भांडून घ्यावी अशी हवी होती. पण अण्णाच्या कानाच्या बदल्यात नको होती, आणि दुसऱ्या कुठल्या वाटेनं ती माझ्याकडे आलीही नसती, हेही मला माहीत आहे. पेट्रोलच्या बोळ्यानं बोट घासलं तरी लाल रंग रेघांत राहून गेला.

चहा पिऊन गडी बाजूच्या बोळातून परत आला. पायरीवरच्या अण्णाला त्यानं मागून विचारलं, मशिन झाली का. अण्णाला त्याचे ओठ दिसत नव्हते. सावली पायरीवर पडली तसं कोणीतरी आलंय एवढं त्याला समजलं, आणि वळून न बघता त्यानं हात माझ्याकडे केला.